अणूवर प्रभार येतो कसा? इलेक्ट्रॉनचा हिशेब, मिठागरापासून कुळागरापर्यंत

मिठाचा खडा हातात घेतला तर झटका बसत नाही. तो कागदाचे कपटे ओढत नाही, त्यातून ठिणगीही उडत नाही. तरीही त्या खड्यात सोडियमचा प्रत्येक कण धन प्रभाराचा आणि क्लोरिनचा प्रत्येक कण ऋण प्रभाराचा असतो. गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ असो की पाकिटातले बारीक, आत हीच मांडणी. अशा प्रभार असलेल्या अणूला आयन म्हणतात.

इलेक्ट्रॉन गेला की अणू धन होतो, आला की ऋण होतो, एवढे बहुतेकांना पाठ असते. पण पाठ असूनही चिन्ह उलटे लागते, किती इलेक्ट्रॉन जातील ते ठरवता येत नाही, आणि गेलेला इलेक्ट्रॉन कुणी घेतला हे तर कुणी विचारतच नाही. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रॉन हवेत तरंगत राहत नाही. एका अणूने सोडला तर दुसऱ्या कुणीतरी तो घेतलेलाच असतो. खालच्या प्रत्येक पायरीला आणि प्रत्येक प्रयोगात हा प्रश्न विचारत गेलात, तर सहसा चूक होणार नाही.

मोजायचे काय

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉनचा प्रभार +१, इलेक्ट्रॉनचा −१, न्यूट्रॉनचा शून्य. हा 'एक' म्हणजे १.६०२ × १०⁻¹⁹ कूलम. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १,८३६ पट जड असतो, पण दोघांचा प्रभार तंतोतंत सारखा आणि विरुद्ध. म्हणूनच दोन्हींची संख्या सारखी असली की अणू उदासीन राहतो.

रासायनिक क्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही. 'अणू धन झाला म्हणजे त्याला प्रोटॉन मिळाला' हे उत्तर उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते, आणि ते पूर्ण चूक आहे. प्रोटॉनची संख्या बदलली तर मूलद्रव्यच बदलेल. सोडियमने एक इलेक्ट्रॉन सोडला की त्याच्याकडे १० इलेक्ट्रॉन उरतात, निऑनकडे असतात तेवढेच. पण तो निऑन होत नाही, कारण केंद्रकात ११ प्रोटॉन जागच्या जागी आहेत.

सूत्र एकच: प्रभार = प्रोटॉनची संख्या − इलेक्ट्रॉनची संख्या. वजाबाकी याच क्रमाने करा. 'इलेक्ट्रॉन गमावला म्हणजे काहीतरी कमी झाले, म्हणून वजा' असा विचार मनात येतो आणि तिथेच चिन्ह फिरते. गेलेली वस्तूच ऋण होती, म्हणून मागे धन उरले.

कागदावरच्या पायऱ्या

१. मूलद्रव्याचा अणुअंक लिहा. तीच प्रोटॉनची संख्या, आणि उदासीन अणूत तीच इलेक्ट्रॉनची संख्या.

२. इलेक्ट्रॉन कवचांत मांडा. पहिल्या २० मूलद्रव्यांपुरते २, ८, ८, २ या मर्यादेने भरत गेले तरी चालते. सोडियम (११): २, ८, १. मॅग्नेशियम (१२): २, ८, २. गंधक (१६): २, ८, ६. क्लोरिन (१७): २, ८, ७. पोटॅशियम (१९): २, ८, ८, १.

३. शेवटच्या कवचाकडे पाहा. एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन असले आणि मूलद्रव्य धातू असले तर ते जातात. पाच, सहा किंवा सात असलेला अधातू, आयन होणार असेल तर, आठ भरतील इतके घेतो. चार असलेला कार्बन सहसा देतही नाही आणि घेतही नाही. तो इलेक्ट्रॉन वाटून घेतो, आणि तिथे हा हिशेब थांबतो.

४. उरलेले इलेक्ट्रॉन पुन्हा मोजून वजाबाकी करा. मॅग्नेशियम: १२ − १० = +२. गंधक: १६ − १८ = −२. क्लोरिन: १७ − १८ = −१.

५. आता घेणारा शोधा. मॅग्नेशियमने दोन सोडले. क्लोरिन एका वेळी एकच घेतो, म्हणून एका मॅग्नेशियमला दोन क्लोरिन लागतात. ॲल्युमिनियम तीन सोडतो आणि ऑक्सिजन दोन घेतो. दोघांचा मेळ सहावर बसतो: दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन. रासायनिक सूत्रातले छोटे आकडे इथूनच येतात. संयुजांची (अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो त्या आकड्यांची) अदलाबदल करून ते नुसते पाठ केले की का आले ते कळत नाही.

अनेक अणूंच्या गटालाही हेच सूत्र लागते. सल्फेटमध्ये एक गंधक (१६) आणि चार ऑक्सिजन (४ × ८ = ३२), मिळून ४८ प्रोटॉन. इलेक्ट्रॉन मात्र ५०. म्हणून प्रभार −२, आणि तो कुठल्याही एका अणूचा नसून सगळ्या गटाचा. खतातल्या अमोनियममध्ये ७ + ४ = ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन, म्हणून +१.

आकाराकडेही लक्ष द्या. सोडियम अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, त्याच्या आयनाची १०२, कारण बाहेरचे अख्खे कवच गेले. क्लोरिनची ९९ वरून १८१ होते. वजनात मात्र फरक जवळजवळ नाही. सोडियमच्या वस्तुमानातला एका इलेक्ट्रॉनचा वाटा ४२,००० त एक भाग एवढाच.

एकच का जातो? अणूची हौस नव्हे, ऊर्जेचा जमाखर्च

'सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला हवा असतो, म्हणून ते देवघेव करतात' असे शिकवले जाते. लहान वर्गात ते चालूनही जाते, पण आकडे वेगळेच सांगतात.

वायुरूप सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे सुमारे ६.०२२ × १०²³ कण) ४९६ किलोज्यूल खर्च होतात. सोडियम तो आपणहून टाकत नाही, ओढून काढावा लागतो. क्लोरिन तो घेताना ३४९ किलोज्यूल परत देतो. म्हणजे १४७ ची तूट. नुसत्या देवघेवीवर हिशेब थांबला असता तर मीठ कधी झालेच नसते.

तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक रचतात तेव्हा. त्यात मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. घन सोडियम आणि क्लोरिन वायूपासून सुरुवात केली तर पूर्ण मांडणी अशी: सोडियम वायुरूप करायला १०७, क्लोरिनचा रेणू फोडून एक मोल अणू मिळवायला १२१, इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण खर्च ७२४. जमा बाजूला ३४९ आणि ७८७, म्हणजे १,१३६. शिल्लक ४१२. प्रत्यक्ष मोजलेला आकडा ४११ आहे. एवढा ताळा बसतो तेव्हा हे चित्र बरोबर असल्याची खात्री पटते.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का सोडत नाही? दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला असतो आणि त्याला ४,५६२ किलोज्यूल लागतात. स्फटिक रचून इतकी भरपाई होऊ शकत नाही. मॅग्नेशियमचे आकडे ७३८, १,४५१ आणि तिसऱ्याला थेट ७,७३३. उडी जिथे आहे तिथे देणे थांबते. 'अष्टक पूर्ण होते', म्हणजे शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात, हे या उडीचेच थोडक्यात वर्णन आहे. ऑक्सिजनचे तर आणखी पुढचे: पहिला इलेक्ट्रॉन घेताना तो ऊर्जा देतो, दुसरा घेताना उलट त्यालाच द्यावी लागते. −२ प्रभाराचा एकटा ऑक्सिजन टिकत नाही. शेजारी धन आयन असले तरच त्याचा निभाव लागतो.

लोखंड: जिथे आठचा नियम सोडावा लागतो

गोव्यात राहून लोखंड टाळता येणार नाही. खाणीतले हेमाटाईट, घराचे चिरे, अंगणातली तांबडी माती, सगळीकडे लोखंडाचे आयन आहेत, आणि त्यांना आठचा नियम लागू होत नाही.

लोखंडाचा अणुअंक २६, मांडणी २, ८, १४, २. शेवटच्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन आधी जातात आणि +२ आयन होतो. मग आतल्या १४ मधला आणखी एक गेला की २, ८, १३ उरतात आणि प्रभार +३ होतो. आतून आधी काढण्याची चूक इथे हमखास होते. लक्षात ठेवा, भरताना शेवटी आलेले आधी जातातच असे नाही. बाहेरच्या कवचातले आधी जातात.

हेमाटाईटमध्ये लोखंड +३ आहे: दोन लोखंडांचे सहा इलेक्ट्रॉन तीन ऑक्सिजननी घेतलेले. जांभ्याचा तांबडा-पिवळा रंग याच +३ लोखंडाच्या ऑक्साइडांचा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) पाणी तुंबलेल्या शेताचा चिखल मात्र आत करडा-काळा निघतो. पाण्याखाली ऑक्सिजन संपतो, मग तिथले जीवाणू आपले इलेक्ट्रॉन +३ लोखंडाकडे सोपवतात आणि ते +२ होते. उलट दिशाही पाहायला मिळते. काही बोअरवेलचे पाणी काढल्यावर नितळ असते आणि बादलीत तासभर राहिले की पिवळट-तपकिरी होते. विरघळलेले +२ लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देऊन +३ झाले, आणि ते पाण्यात विरघळून राहत नाही.

समुद्राच्या पाण्याचा ताळा

आयन एकट्याने बाटलीत भरून ठेवता येत नाहीत. समजा एक ग्रॅम निव्वळ सोडियम आयन वेगळे काढले आणि मीटरभर अंतरावर तसाच दुसरा एक ग्रॅम ठेवला. प्रत्येकावर सुमारे ४,२०० कूलम प्रभार, आणि त्यांच्यातले प्रतिकर्षण सुमारे १.६ × १०¹⁷ न्यूटन. असे बळ सावरेल अशी वस्तू नाही. म्हणून निसर्गात धनाजवळ ऋण असतेच.

एक किलो सर्वसाधारण समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले मुख्य आयन मिलिमोलमध्ये घेऊन प्रत्येकाला त्याच्या प्रभाराने गुणा. सोडियम ४६९ × १ = ४६९. मॅग्नेशियम ५३ × २ = १०६. कॅल्शियमचे सुमारे २१, पोटॅशियमचे १०. धन बाजू ६०६. आता ऋण: क्लोराइड ५४६ × १, सल्फेट २८ × २ = ५६, बायकार्बोनेट व इतर मिळून सुमारे ३. बेरीज ६०५. एकाचा फरक पूर्णांक करताना आलेला. अरबी समुद्र खारट आहे, पण प्रभाराने उदासीन आहे.

मिठागरात पाणी आटताना हेच आयन जोड्या जमवून खाली बसतात. कॅल्शियमचे क्षार आधी, मग मीठ, आणि मॅग्नेशियम बहुतांशी उरलेल्या कडवट पाण्यात राहते. ते पाणी नीट निथळले नाही तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठाला चिकटून राहते. ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) भरून ठेवलेले जाडे मीठ जुलैत पाझरू लागते.

केसांवर घासलेला कंगवा ही जरा वेगळी गोष्ट. तिथे पृष्ठभागावर थोडासा प्रभार इकडून तिकडे जातो, आणि प्लास्टिकसारख्या पदार्थांत इलेक्ट्रॉनबरोबर आयन आणि पदार्थाचे सूक्ष्म कणही जाऊ शकतात. कंगव्यावर १० नॅनोकूलम प्रभार धरला तर तो सुमारे ६,००० कोटी इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे कंगव्यातल्या एकूण इलेक्ट्रॉनांच्या मानाने नगण्य. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी करा. पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार लगेच निसटतो.

आयन आहेत की नाहीत हे दाखवणारा दिवा

साहित्य: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची क्लिप, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, दोन पेन्सिलींची शिसे, म्हणजे आतल्या काळ्या कांड्या (६बी असेल तर उत्तम, कारण त्यात ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी), वायर, १०० मिलिलिटरचे काचेचे ग्लास.

बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. आखूड पायापासून वायर पहिल्या कांडीला. दुसऱ्या कांडीपासून वायर बॅटरीच्या ऋण टोकाला. कांड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यात एक सेंटिमीटर अंतरावर खोचा, म्हणजे प्रत्येक वेळी अंतर सारखे राहील. बुडवायच्या दोन सेंटिमीटर. आधी दोन्ही कांड्या क्षणभर एकमेकींना टेकवून पाहा. एलईडी पेटला पाहिजे. नाही पेटला तर त्याचे पाय उलटे लागले आहेत. रेझिस्टर गाळू नका. एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेल्या ७ ला ४७० ने भागले की १५ मिलिअँपिअर, आणि तेवढाच त्याला सोसवतो.

घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर हा प्रयोग कधीही करू नका. मिठाच्या पाण्यात सॉकेटची वायर म्हणजे जिवाशी खेळ.

आता एकेक पदार्थ घ्या, आणि दर वेळी कांड्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

कोरडे मीठ: दिवा पेटत नाही. आयन आहेत, पण स्फटिकात अडकलेले, हलू शकत नाहीत. इथेच पावसाळ्यात प्रयोग फसतो. ओलसर मिठाच्या ढिगात एलईडी मंद पेटतो आणि 'कोरडे मीठ वीज वाहते' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मीठ तव्यावर मध्यम आचेवर दहा मिनिटे भाजा, झाकण ठेवून, कारण जाड्या खड्यांत अडकलेले पाणी तापले की ते तडतडून उडतात. गार होताच तपासा.

डिस्टिल्ड पाणी: इन्व्हर्टरसाठी मिळते ते चालते, पण दुकानात नेमके सांगा. बॅटरीचे ॲसिड वेगळे असते. एलईडी दिवसा विझलेलाच दिसेल. आजचे एलईडी काही मायक्रोअँपिअरवरही पुसट चमकतात, त्यामुळे अंधारात थोडे तेज दिसले तर गोंधळू नका.

साखरेचे पाणी: डिस्टिल्ड पाण्यासारखेच. साखर विरघळते, पण तिचे रेणू उदासीन राहतात. 'विरघळले म्हणजे आयन झाले' हा समज इथेच मोडतो.

१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ: लख्ख. पाण्याने नवे आयन बनवले नाहीत. सोडियमचा इलेक्ट्रॉन मीठ तयार झाले तेव्हाच क्लोरिनकडे गेला होता. पाण्याने आयन एकमेकांपासून फक्त सुटे केले.

माडाच्या सुरेचा व्हिनेगर: पेटतो, पण मिठापेक्षा मंद. त्यातल्या ॲसेटिक आम्लाच्या साधारण २०० रेणूंमागे एकच आयनांत विभागतो. सुरेतले इतर क्षारही थोडी भर घालतात. आडसराचे (कोवळ्या नारळाचे) पाणीही चांगले पेटवते, त्यात पोटॅशियम आयन भरपूर असतात. कोकमाचे आगळ मात्र या तुलनेत धरू नका. त्यात मीठ घातलेले असते, मग दिवा कोकमातल्या आम्लाने पेटला की मिठाने, हे कळणार नाही.

विहिरीचे पाणी तपासण्यासारखे आहे. जांभ्याच्या पठारावरच्या विहिरीत क्षार कमी, म्हणून दिवा मंद. किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात समुद्राचे पाणी शिरले असेल तर तो लगेच तेजाळतो. समुद्राचे पाणी आणायचे तर पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचे घेऊ नका. तेव्हा नदीच्या पुराने ते बरेच पातळ झालेले असते.

आता नेहमीचा प्रश्न: इलेक्ट्रॉन कुणी घेतला? द्रावणातून इलेक्ट्रॉन धावत नाहीत. वायरमध्ये इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणात आयन सरकतात, आणि कांडीच्या पृष्ठभागावर देवघेव होते. धन कांडीपाशी क्लोराइड आपला जादा इलेक्ट्रॉन सोडून क्लोरिन वायू होतो. पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो त्याचाच. ऋण कांडीपाशी इलेक्ट्रॉन सोडियम घेत नाही, पाणी घेते. तिथून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात. हळदीचे पाणी लावून वाळवलेली कागदाची पट्टी ऋण कांडीजवळ धरा, ती तांबडी होईल, हळदीला चुना लागल्यासारखी. धन कांडीजवळ धरलीत तर क्लोरिनने तिचा रंग उडतो. प्रत्येक चाचणी १०-१५ सेकंदांची ठेवा आणि खिडक्या उघड्या.

कांड्यांऐवजी नुसती तांब्याची वायर बुडवली तर धन टोकाचे तांबे स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन विरघळू लागते आणि ग्लासात निळसर-हिरवा गाळ होतो. खिळे वापरले तर गाळ तपकिरी. ग्रॅफाइट वापरायचे ते यासाठी.

मोरचूद आणि खिळा

फोंडा, सत्तरी, सांगे भागांतल्या कुळागरांत (सुपारीच्या बागायतींत) पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातले मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्यातले तांबे +२ आयनाच्या रूपात असते. इलेक्ट्रॉनची देवघेव डोळ्यांनी पाहायला याहून सोपा पदार्थ नाही.

१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद विरघळवा. हातमोजे घाला. ते पोटात किंवा डोळ्यांत जाता कामा नये, आणि वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. दोन लोखंडी खिळे पॉलिश पेपरने चकचकीत घासा, एक द्रावणात सोडा, दुसरा तुलनेला बाहेर ठेवा. अर्ध्या तासात बुडालेल्या खिळ्यावर तांबूस थर चढतो. जास्त वेळ ठेवला तर निळा रंग फिका पडत हिरवटाकडे झुकतो.

लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि तो +२ आयन होऊन पाण्यात गेला. तेच दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या +२ आयनाने घेतले आणि तो उदासीन तांबे होऊन खिळ्यावर बसला. देणाऱ्याचे ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचे क्षपण, आणि दोन्ही एकाच वेळी. सल्फेट सुरुवातीला जसा होता तसाच शेवटी. ५ ग्रॅम मोरचुदात ०.०२ मोल तांबे असते. सगळे बाहेर पडले तर सुमारे १.२७ ग्रॅम तांबे मिळेल, १.१ ग्रॅम लोखंड विरघळेल, आणि एकूण ३,८६० कूलमइतके इलेक्ट्रॉन हात बदलतील.

थर चढला नाही तर खिळा पाहा. गंजलेला असेल तर गंजातल्या लोखंडाने आपले तीन इलेक्ट्रॉन आधीच ऑक्सिजनला दिलेले असतात, तांब्याला द्यायला त्याच्याकडे काही नाही. तेलकट असेल तर थर ठिपक्यांनी येतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो वाट अडवतो. जस्ताचा मुलामा असेल तर आधी जस्त इलेक्ट्रॉन देते आणि काळपट, भुसभुशीत थर येतो.

बागायतदारांची जुनी चाचणी हीच. १ टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये कालवतात, मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओततात. चकचकीत सुरी किंवा कोयत्याचे पाते मिनिटभर बुडवायचे. पात्यावर तांबूस डाग आला तर मोकळे तांब्याचे आयन अजून शिल्लक आहेत, ते पाने भाजतील, म्हणून आणखी चुना घालायचा. डाग आला नाही तर तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधले गेले. लोखंडी पिंपात हे मिश्रण का करत नाहीत तेही यातूनच उलगडते: तांबे पिंपाच्या भिंतीवर बसेल आणि फवाऱ्यात लोखंड जाईल. प्लास्टिकचे पिंप घ्या आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.

लोखंडाऐवजी जस्ताने द्यावे

लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉन सहज देणारा धातू शेजारी जोडला की लोखंड वाचते. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो तो यासाठी. किरकोळ ओरखडा पडला तरी पत्रा लगेच गंजत नाही, कारण उघड्या लोखंडाऐवजी भोवतालचे जस्त दोन इलेक्ट्रॉन देऊन +२ होत राहते.

लोखंडी बोटींच्या पाण्याखालच्या भागावर बसवलेले जस्ताचे ठोकळे हेच काम करतात. एक किलो जस्तात १५.३ मोल अणू, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ८२० अँपिअर-तास. ॲल्युमिनियम हलके आणि प्रत्येक अणूमागे तीन देणारे, म्हणून किलोमागे सुमारे २,९८०.

इथल्या चुका महागात पडतात. ठोकळ्याला रंग लावला तर तो निरुपयोगी होतो, आयन पाण्यात जायला वाटच राहत नाही. ठोकळा आणि बोटीचे लोखंड यांच्यात रंग किंवा गंज राहिला तरी तेच, कारण इलेक्ट्रॉनला धातूतून धातूत जायला उघडा संपर्क लागतो. जागा तासून चकचकीत करा आणि बोल्ट घट्ट आवळा. अर्धा झिजला की बदला. झिजणारा ठोकळा काम करतो आहे. वर्षभर तसाच राहिलेला संशयास्पद. बोट बराच काळ नदीच्या गोड्या पाण्यात राहणार असेल तर जस्तावर थर बसून ते मंदावते, तिथे मॅग्नेशियमचे ठोकळे योग्य.

उरलेल्या द्रावणाचे काय करायचे

मोरचुदाचे पाणी ओहोळात, विहिरीत किंवा खाजनात ओतू नका. तांब्याचे आयन माशांच्या कल्ल्यांना आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना फार घातक असतात. उरलेल्या द्रावणात भांडी घासायची साधी लोखंडी जाळी (स्टेनलेस नव्हे) रात्रभर बुडवून ठेवा. तिच्यातले लोखंड इलेक्ट्रॉन देत राहील आणि तांबे घन होऊन तळाशी बसेल. सकाळी निळेपणा राहिला असेल तर आणखी जाळी घाला. मग चकचकीत खिळा बुडवून पाहा. तांबूस डाग आला नाही की वर थोडा चुना कालवा, गाळ बसू द्या, तो फडक्यातून गाळून वाळवा आणि वेगळ्या डब्यात, नाव लिहून, रसायनांच्या कचऱ्यासाठी ठेवा.